चिटाचा एक तुकडा आणि आधुनिक युरोप

शाळेतील इतिहासाचे पाठ्यपुस्तक उघडले की युरोपचा इतिहास निरनिराळ्या कप्प्यांत मांडलेला दिसतो. एका प्रकरणात लढाया, दुसऱ्यात राज्यक्रांती, तिसऱ्यात यंत्रांचे शोध. आणि लोकांचा पोशाख, त्यांच्या आवडीनिवडी ह्यांना बहुधा जागाच नसते. विद्यार्थी प्रत्येक प्रकरण वेगळे पाठ करतो आणि परीक्षेनंतर ते वेगवेगळेच विसरतो. मीही अनेक वर्षे असेच शिकवीत आलो. एके दिवशी मात्र यंत्रमागवाल्या घरातील एका मुलाने तासाला सरळ प्रश्न केला, "सर, आपल्याकडचे कापड इतके चांगले होते की युरोपातल्या सरकारांना त्यावर बंदी घालावी लागली. मग पुढे त्यांचेच कापड आपल्या बाजारात कसे आले?" तास संपत आला होता. "यंत्रे निघाली म्हणून", एवढे उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

ह्या प्रश्नाचा माग काढीत गेले असता असे दिसते की फॅशन, युद्ध, यंत्र आणि राजकारण हे चार वेगळे कप्पे नसून एकाच वस्त्राचे उभे-आडवे धागे आहेत. त्यांतील एक धागा ओढला की बाकीचे तीन हलतात.

लोकरीचा युरोप आणि कापसाचे वेड

सतराव्या शतकापर्यंत युरोपातील सामान्य माणूस लोकर आणि जवसाच्या धाग्याचे लिनन वापरीत असे; श्रीमंतांसाठी रेशीम होते. कापूस तेथे अगदीच अज्ञात होता असे नाही. अरबांनी स्पेनमध्ये कापसाची लागवड नेली होती. इंग्रजीतील 'कॉटन' आणि स्पॅनिशमधील 'आल्गोदोन' हे दोन्ही शब्द अरबी 'कुत्न' ह्या शब्दापासून निघाले आहेत. तलम कापडाचे 'मसलिन' हे नाव इराकमधील मोसुल शहरावरून, 'कॅलिको' हे कालिकत बंदरावरून आणि 'चिंट्झ' हे आपल्या चिटावरून आले. शब्दांचा हा प्रवास पाहिला तरी माल कोठून कोठे जात होता हे कळून येते.

इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला तो मसाल्याच्या शोधात. परंतु पुढे पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि फ्रेंच व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की सुरत, कोरोमंडल किनारा आणि बंगाल येथील कापडाला युरोपात मिऱ्यांपेक्षाही मोठे गिऱ्हाईक मिळू शकते. हे कापड हलके होते, धुता येत होते, आणि मुख्य म्हणजे धुतल्यावर त्याचा रंग जात नव्हता. तुरटीसारख्या क्षारांनी रंग धाग्यात पक्का बसविण्याची विद्या आपल्या रंगाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या अवगत होती. युरोपातील छापील कापड पाण्यात पडले की फिके होई. साहजिकच लंडन आणि पॅरिस येथे प्रथम पडदे व पलंगपोस म्हणून आणि नंतर अंगावरचे वस्त्र म्हणून चिटाचे वेड पसरले. सरदाराची पत्नी आणि तिची मोलकरीण दोघी फुलाफुलांचे कापड नेसू लागल्या, आणि पोशाखावरून दर्जा ओळखण्याच्या जुन्या रिवाजाला तडा गेला.

बंदीचे राजकारण

ह्या वेडामुळे लोकरीचे व रेशमाचे विणकर अडचणीत आले. इंग्लंडमध्ये लोकर हा केवळ धंदा नव्हता. ते राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. त्या धंद्याच्या रक्षणासाठी मृतदेहसुद्धा इंग्रजी लोकरीतच पुरले पाहिजेत असे कायदे १६६६ पासून पार्लमेंटने केले होते! मेलेल्यांवर सक्ती करणारे सरकार जिवंतांना मोकळे कसे सोडणार?

फ्रान्सने पहिले पाऊल उचलले. १६८६ मध्ये चौदाव्या लुईच्या सरकारने हिंदुस्थानी छापील कापडाची आयात आणि त्याची देशात केली जाणारी नक्कल ह्या दोहोंवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत, म्हणजे तब्बल ७३ वर्षे, चालू होती. चोरटा व्यापार करणाऱ्यांना गॅली जहाजांवर वल्ही मारण्याची शिक्षा होई. तरीही फॅशन थांबली नाही. राजदरबारात वजन असलेली मादाम द पॉम्पादूर हिच्या महालातच हे निषिद्ध कापड होते. कायदा एकीकडे आणि कायदा करणाऱ्यांची घरे दुसरीकडे, असा तो प्रकार होता.

इंग्लंडमध्ये १७०० च्या कायद्याने हिंदुस्थान, इराण व चीन येथील छापील कापड देशात वापरण्यासाठी आणण्यास मनाई झाली. पण कोरे कापड आणण्यास मुभा राहिली. त्याचा परिणाम असा झाला की कोरे कापड आणून लंडनमध्येच छापण्याचा नवा धंदा उभा राहिला. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्स येथील बेकार विणकरांनी रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील चिटाचे कपडे फाडले, त्यांवर शाई व तेजाब फेकले. त्यांची उपासमार खरी होती, पण राग काढला गेला तो बायाबापड्यांवर. अखेर १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरणाऱ्यालाच ५ पौंड दंड करणारा कायदा झाला. मात्र लिननच्या उभ्या व कापसाच्या आडव्या धाग्याचे इंग्लंडमध्ये विणलेले कापड त्यातून सुटले, आणि १७३६ च्या कायद्याने ती सूट निःसंदिग्ध केली. ह्याच फटीतून मँचेस्टरचा उदय झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बंदीने हिंदुस्थानी माल अडविला, पण त्या मालाची आवड अडविली नाही. आवड शिल्लक, गिऱ्हाईक शिल्लक आणि माल मात्र नाही, अशा बाजारात जो कोणी तसा माल तयार करील त्याचे भाग्य उघडणार होते. म्हणून युरोपातील लोक शिकू लागले. पाँडेचेरीजवळ राहणाऱ्या केर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७४२ मध्ये तेथील रंगाऱ्यांना विचारून कापड रंगविण्याची सारी कृती पायरीपायरीने लिहून मायदेशी पाठविली. म्यूलूझ हे शहर त्या वेळी फ्रान्सच्या हद्दीबाहेर होते. तेथे १७४६ मध्ये कापड छापण्याचा कारखाना निघाला. फ्रान्सने बंदी उठविताच १७६० मध्ये ओबेरकांफ ह्याने व्हर्सायजवळ झुई येथे कारखाना काढला. त्याला पुढे नेपोलियनने स्वतः भेट देऊन सन्मानित केले.

तोफेचे छिद्र आणि वाफेचे इंजिन

मागणी होती, कायद्याचे संरक्षण होते. अडचण होती ती सुताची. जॉन के ह्याने १७३३ मध्ये उडता धोटा काढला. त्यामुळे विणकराचा हात जलद चालू लागला, पण एका मागाला पुरेल इतके सूत काढण्यास अनेक चरखे कमी पडू लागले. ही टंचाईच शोधांची जननी ठरली. हारग्रीव्हजच्या 'जेनी'ने १७६४ च्या सुमारास एका चाकावर आठ चात्या फिरविल्या. आर्कराइटने १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या चाकावर चालणारी गिरणी सुरू केली. क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये दोहोंचा मेळ घालून 'म्यूल' बनविले. बारीक सुताचे १०० पौंड कातण्यास हिंदुस्थानातील हातचरख्यावर सुमारे ५०,००० तास लागत, असा एक अभ्यासकांचा हिशेब आहे. क्रॉम्प्टनच्या पहिल्या म्यूलवर ते काम सुमारे २,००० तासांत होऊ लागले, आणि १७९५ च्या आसपास शक्तीवर चालणाऱ्या म्यूलवर ३०० तासांत. पन्नास हजार आणि तीनशे ह्यांतील अंतर हे कारागिराच्या हुन्नरातील उणेपणाचे अंतर नव्हते, हे आवर्जून सांगावयास हवे.

ह्या यंत्रांना पुढे वाफेची जोड मिळाली, आणि येथे युद्ध आपल्या कथेत शिरते. जेम्स वॉटने १७६९ मध्ये सुधारलेल्या इंजिनाचे पेटंट घेतले, पण त्याचे इंजिन काही केल्या नीट चालेना. कारण दट्ट्या आणि सिलिंडर ह्यांच्यामधून वाफ निसटत असे. अचूक गोल सिलिंडर पोखरून देणारा कारागीर मिळत नव्हता. तो अखेर मिळाला तोफांच्या कारखान्यात. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये भरीव लोखंडी ओतीव ठोकळ्यातून तोफेची नळी अचूक पोखरण्याचे यंत्र बनविले होते. त्याच कौशल्याने त्याने वॉटसाठी सिलिंडर पोखरून दिले, आणि १७७६ मध्ये वॉटचे इंजिन प्रत्यक्ष कामाला लागले. १७८५ मध्ये वाफेवर चालणारी पहिली सूतगिरणी निघाली. तोफ नेमकी असावी म्हणून जी विद्या जन्मली तिने गिरणीला प्राण दिला.

पोशाखातून राज्यक्रांती

फ्रान्समध्ये ह्याच सुमारास कापडाने वेगळा खेळ मांडला. १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेत हिचे, पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यातील चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. राणीने असा अंतर्वस्त्रासारखा वेष करावा ह्याचा लोकांना संताप आला. आणि देशातील लियाँचे रेशीम टाकून ती परकी मलमल नेसते म्हणून विणकरांच्या कैवाऱ्यांनीही टीका केली. ते चित्र काढून तिच्या रेशमी पोशाखातील दुसरे चित्र लावावे लागले. राणीने भपका केला तरी दोष आणि साधेपणा केला तरी दोष. राजसत्तेवरील विश्वास उडाला म्हणजे असेच होते.

सहा वर्षांनी, मे १७८९ मध्ये, व्हर्सायला तिन्ही वर्गांची सभा भरली तेव्हा सरदारांना जरीचा पोशाख आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा वेष ठरवून देण्यात आला होता. अपमानासाठी दिलेला तो काळा वेष लवकरच अभिमानाचा झाला. गुडघ्यापर्यंतची तंग विजार सोडून पायघोळ विजार घालणारे शहरी कष्टकरी स्वतःस 'सां-क्युलोत' म्हणजे 'तंग विजार नसलेले' म्हणवू लागले. १७९३ च्या ऑक्टोबरात प्रत्येक स्त्री-पुरुषास हवा तो पोशाख करण्याचे स्वातंत्र्य असल्याचा ठराव क्रांतिकारी सभेने केला. मात्र तिरंगी फीत लावणे सक्तीचेच ठेवले! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सार्वत्रिक सैन्यभरतीचा हुकूम निघाला होता, आणि त्यात स्त्रियांकडे तंबू व कपडे शिवण्याचे काम सोपविले होते. राजाच्या पगारी फौजेऐवजी सारे राष्ट्रच गणवेषात उभे राहण्याची ही सुरुवात होय. आज युरोपातील राष्ट्राध्यक्षापासून कारकुनापर्यंत सर्वजण जो साधा गडद सूट घालतात त्याचे मूळ ह्याच काळातील सामाजिक उलथापालथीत आहे.

नेपोलियनने इंग्लंडला नमविण्यासाठी नोव्हेंबर १८०६ मध्ये बर्लिनहून फर्मान काढून इंग्रजी मालास युरोपची बंदरे बंद केली. परंतु त्याच्याच सैन्यासाठी हजारो डगले करावयाचे झाले तेव्हा हँबर्ग येथील त्याचा प्रतिनिधी बूरिएन ह्याने फर्मान बाजूस ठेवून इंग्रजी कापड मागविले, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केले आहे. दुसऱ्या बाजूने, इंग्रजी सूत अडल्यामुळे सॅक्सनी, बेल्जियम अशा ठिकाणी नव्या गिरण्यांना आसरा मिळाला. इंग्लंडने यंत्रे देशाबाहेर नेण्यास मनाई केली होती, ती १८४३ पर्यंत टिकली. तरीही लीव्हन बाउवेन्स नावाच्या उद्योजकाने म्यूलचे भाग चोरून नेऊन अठराव्या शतकाच्या अखेरीस गेंट शहरात सूतगिरणीचा पाया घातला. एकदा हिंदुस्थानी विद्येची नक्कल करणारा इंग्लंड आता स्वतःच्या विद्येला कुलूप लावीत होता. पण विद्येला कुलूप फार काळ टिकत नाही.

गिरणीची किंमत

ह्या भरभराटीची किंमत कोणी दिली, हे न सांगता हा इतिहास पुरा होत नाही. १७९३ मध्ये अमेरिकेत सरकी झटपट वेगळी करणारे यंत्र निघाले आणि कापसाच्या शेतीला सीमा राहिली नाही. त्या देशात १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाखांवर गेले. इंग्लंडमधील हातमागाच्या सुती विणकरांची संख्या १८२० च्या दशकात २ लाखांहून अधिक होती. १८५० पर्यंत ती सुमारे ४० हजारांवर आली. यंत्रे फोडणाऱ्यांना १८१२ च्या कायद्याने देहान्त शिक्षा सांगितली. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर मताधिकार मागण्यास जमलेल्या जमावावर घोडेस्वार घालण्यात आले. दहापेक्षा अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली.

परंतु त्याच गिरण्यांतून नवे राजकारणही जन्मास आले. १८३२ च्या सुधारणेने मँचेस्टरला पार्लमेंटमध्ये स्वतःचे प्रतिनिधी मिळाले. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरणीत कामास ठेवण्याची बंदी झाली, आणि तेरा वर्षांखालील कामकरी मुलांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली गेली. गिरणीच्या भोंग्याबरोबर शाळेची घंटा कायद्याने बांधली गेली, ही गोष्ट शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांनी विसरू नये अशी आहे.

१८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले; कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. हजारो कुटुंबे धर्मादाय अन्नावर आली. अशा स्थितीतही १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांच्या सभेने गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अध्यक्ष लिंकन ह्यांना पाठिंब्याचे पत्र पाठविले, आणि लिंकननी त्याला कृतज्ञतेचे उत्तर दिले. त्याच चार वर्षांत मुंबई बंदरातून कापसाची प्रचंड निर्यात होऊन शहरात पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरला. कापसाच्या एका धाग्याने मिसिसिपी, मँचेस्टर आणि मुंबई अशी बांधली गेली होती.

जांभळ्या रंगापासून विषारी वायूपर्यंत

१८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन बनविण्याचा प्रयत्न करीत होता. क्विनाइन झाले नाही. हाती आला एक जांभळा रंग. त्या रंगाची फॅशन युरोपभर पसरली. शोध इंग्लंडात लागला, परंतु त्याचा खरा लाभ जर्मनीने उठविला, कारण तेथील विद्यापीठांत रसायनशास्त्राचे शिक्षण पक्के होते आणि कारखान्यांत प्रयोगशाळा होत्या. १८९७ मध्ये जर्मन कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारच्या निळीचा व्यापार खचला. त्या पडत्या धंद्याचा बोजा रयतेच्या डोक्यावर आला, त्यातूनच पुढे १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह उभा राहिला.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच शिपाई अजून लाल विजारीत लढत होता. मशीनगनपुढे तो लाल रंग मृत्यूचे निमंत्रण ठरला आणि वर्षाच्या आत बदलावा लागला. इंग्रजांनी मात्र पेशावरकडील पलटणींपासून खाकी वेष उचलला होता; 'खाक' म्हणजे धूळ ह्या फारसी शब्दावरून त्याचे नाव पडले. आणि जर्मनीच्या रंगकारखान्यांतील रसायनविद्या आता वेगळ्या कामी लागली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्र येथे क्लोरीन वायू सोडण्यात आला. चारच दिवसांनी त्याच रणभूमीवर हिंदुस्थानी फौजेतील जमादार मीर दस्त ह्यांनी वायूच्या माऱ्यात आपल्या पलटणीस सावरले व जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणले; त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कापड रंगविणारी विद्या माणसे गुदमरविण्यास वापरली जावी, ह्याहून मोठा धडा कोणता?

उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आपले कापड मागे पडले ते आपल्या विणकराचा हात कच्चा होता म्हणून नव्हे. युरोपची फॅशन आपल्या विणकरानेच घडविली होती. पण युरोपातील कारागिराच्या पाठीशी त्याचे सरकार होते. आपल्या विणकरावर, विशेषतः १७५७ च्या प्लासीनंतरच्या बंगालमध्ये, परक्या कंपनीची सत्ता बसली होती. त्याने बनविलेल्या मालावर इंग्लंडात भारी जकात होती आणि तिकडून येणाऱ्या मालाला येथे जवळजवळ मोकळे दार होते. आणखी एक गोष्ट कडू असली तरी सांगितली पाहिजे. आपल्या रंगाऱ्याची विद्या त्याच्या बोटांत होती, कागदावर नव्हती. ती कागदावर उतरविली एका परक्या पाद्र्याने, आणि तिचा उपयोगही परक्यांनी केला. ज्याच्या हाती हुन्नर होता त्याच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्याला हुन्नराची किंमत नव्हती, अशी आपल्या समाजाची फाळणी झालेली होती.

म्हणून मागावर बसणाऱ्याच्या मुलाने रसायनशास्त्र शिकावे, आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्याने मागाजवळ बसण्यास लाजू नये. पुढच्या वर्षी तोच तास आला की मी वर्गात प्रथम चिटाचा एक तुकडा नेणार आहे. धडा त्यानंतर उघडू.